कवितेच्या समासात मुलांना लिहू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विदर्भातल्या शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा थोड्या उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्या आठवड्यात नागपुरात बर्डीवर आणि महालात पाठ्यपुस्तकांची खरेदी होते, तेव्हा पिशवीत गाइडही पडते. मराठीच्या गाइडाचा सर्वाधिक उपयोग होतो तो कवितेसाठी. धड्याखालचे उत्तर मूल एखाद वेळी स्वतःच्या शब्दांत लिहिते, कवितेचे रसग्रहण मात्र सरळ पाठ करते. याचे कारण परीक्षेच्या रचनेत आहे. दहावीच्या कुमारभारतीच्या सध्याच्या ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत पद्य विभागाला १६ गुण आहेत आणि त्यांतले ४ रसग्रहणाचे. गद्य विभागात ४ गुणांचा अपठित उतारा असतो, पण अपठित कवितेला जागाच नाही. वर्षभरात एकदाही अनोळखी कविता समोर येत नाही, आणि ओळखीच्या सगळ्या कवितांची रसग्रहणे छापील मिळतात. मग मूल कविता वाचेल कशाला?

हे वर्गातच बदलता येते आणि त्याला कुठल्याही परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही. अर्थ आधी सांगायचा नाही. कविता ऐकवायची, मुलांच्या हातात पेन्सिल द्यायची आणि ओळींच्या कडेने, समासात, लिहू द्यायचे, एवढेच आमचे म्हणणे आहे. ते नीट कसे करावे आणि कुठे फसते, हे थोडे तपशिलात लिहितो.

पहिली अडचण जागेची. २०२३-२४ पासून दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांत नोंदींसाठी कोरी पाने जोडली होती, ती २०२५-२६ पासून बंद झाली. दप्तराच्या ओझ्याची आणि खर्चाची चर्चा बरीच झाली. कवितेखाली लिहायला हक्काची जागा होती ती गेली, हे मात्र फारसे कोणी बोलले नाही. शिवाय पुस्तक पुढे धाकट्या भावंडाला जायचे असते, म्हणून त्यावर लिहू नये असे घरी बजावलेले असते. तेव्हा वहीचे जोडपान वापरावे. डाव्या पानावर एक ओळ सोडून एक ओळ अशी कविता उतरवून घ्यावी, प्रत्येक ओळीला क्रमांक द्यावा, उजवे पान पूर्ण कोरे ठेवावे. दहा-बारा ओळींच्या कवितेला आठ-दहा मिनिटे पुरतात. हा वेळ वाया जात नाही. उतरवताना मूल प्रत्येक शब्दाशी थांबते आणि तेच त्याचे पहिले खरे वाचन असते. शिक्षकांनी या वेळी बाकांमधून फिरून ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार आणि विरामचिन्हे तेवढी तपासावीत. ‘दिन’चे ‘दीन’ झाले की अर्थही बिघडतो आणि मात्राही.

उतरवण्याआधी कविता दोनदा मोठ्याने वाचावी. पहिल्यांदा पुस्तके मिटलेली, पेन्सिली खाली. दुसऱ्यांदा पुस्तक उघडे. कवीचा परिचय, पुरस्कार, काव्यसंग्रहाचे नाव हे सगळे नंतर. परिचय आधी दिला की मुले कवितेत तोच शोधू लागतात.

खुणा चारच ठेवाव्यात. अडलेल्या शब्दाला गोल, क्रियापदाखाली रेघ, जे डोळ्यांना दिसते किंवा कानांना ऐकू येते त्याला चौकट, आणि शंकेपुढे प्रश्नचिन्ह. खूण केली की उजव्या पानावर त्या ओळीचा क्रमांक टाकून तीन-चार शब्द तरी लिहिलेच पाहिजेत. ही अट सोडली की सगळे फसते, कारण नुसती रेघ मारताना विचार करावा लागत नाही. रंगीत हायलायटर दिले तर दहा मिनिटांत अख्खी कविता पिवळी होते आणि काय निवडले ते मुलालाच सांगता येत नाही. म्हणून पेन्सिलच, आणि एका ओळीत दोनपेक्षा जास्त खुणा नाहीत. आधीची शंका खोडरबराने पुसू देऊ नये. तिच्यावर एक आडवी रेघ मारून शेजारी उत्तर लिहावे, म्हणजे समज कशी बदलत गेली ते पानावर राहते.

आता एक कविता जवळून पाहू. बालकवींची ‘औदुंबर’ आठच ओळींची आहे आणि एका तासिकेत मावते. चौकटी करायला सांगितल्या की मुले रंग वेचतात: हिरवाळी, निळासावळा, हिरवी, पांढरी, हिरव्या, काळ्या आणि शेवटी ‘गोड काळिमा’. हे शब्द उजव्या पानावर एकाखाली एक मांडले की काही न सांगता वर्गातून आवाज येतो की रंग गडद होत गेले. मग क्रियापदे पाहावीत. झरा वाहतो, गर्दी लागली, पायवाट पडे, चालली, काळिमा पसरी. जवळजवळ सगळे चालणारे, पसरणारे. आणि अखेरच्या ओळीत एकटा औदुंबर ‘बसला’. इथे शिक्षकांनी एकच विचारावे: ‘बसला’च्या जागी ‘उभा’ टाकला तर काय जाते? झाड उभेच असते, तेव्हा अर्थ तर चुकत नाही. तरी मुले सांगतात की मग त्याचे निवांतपण जाते, पाण्यात पाय सोडलेला माणूस जातो. मात्रा मोजणारे मूल हेही दाखवते की चारच्या जागी तीन मात्रा झाल्या आणि ओळ लंगडली. शब्द बदलून पाहण्याचा हा प्रश्न एवढा उपयोगी आहे की प्रत्येक कवितेला तो एकदा तरी विचारावाच.

सातव्या ओळीशी जरा जास्त थांबावे: ‘झांकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर’. अन्वय लावणे ही आपल्याकडची जुनी आणि पक्की रीत आहे, ती अलीकडे कवितेच्या तासाला मागे पडली आहे. ओळीतले शब्द गद्याच्या क्रमाने लावून वाक्य लिहा, असे सांगितले की वर्गाचे दोन तट पडतात. काहींचे वाक्य होते, ‘गोड काळिमा जळाला झाकोळून लाटांवर पसरतो.’ काहींचे, ‘जळ झाकोळून गोड काळिमा लाटांवर पसरवते.’ कर्ता कोण, काळिमा की जळ? दोन्ही अन्वय लागतात. शिक्षकांनी निवाडा करायची घाई करू नये, दोन्ही वाक्ये फळ्यावर राहू द्यावीत. मग ‘गोड’ या विशेषणाकडे वळावे. काळिमा एरवी लागतो किंवा फासला जातो. इथे तो गोड आहे. हे खटकले पाहिजे, आणि खटकले की तिथे प्रश्नचिन्ह पडलेच पाहिजे.

मात्रांचे म्हणाल तर या कवितेची ओळ २७ मात्रांची आहे, ८ + ८ + ११ अशी. ‘ऐल तटावर’ आठ, ‘पैल तटावर’ आठ, ‘हिरवाळी घेऊन’ अकरा. मोजताना मुले दोन ठिकाणी हमखास चुकतात. ‘हिरव्या’मधला र आणि ‘मळ्यांची’मधला म यांच्यापुढे जोडाक्षर आले म्हणून ती त्यांना गुरू (दोन मात्रांचे) धरतात आणि ओळ २८ मात्रांची होते. जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर पडत असेल तरच ते गुरू. ‘हिरव्या’ मोठ्याने म्हणून पाहिले तर र वर जोर येत नाही, म्हणून तो लघूच, एका मात्रेचा. दुसरी चूक ओळीच्या शेवटी होते. ‘लाटांवर’ आणि ‘औदुंबर’ यांच्या अखेरचा र लघू असला तरी चरणाच्या शेवटी लांबवून गुरू मोजतात, त्याशिवाय अकरा भरत नाहीत. कानाने आधी, बोटांनी नंतर, असा क्रम ठेवला की या चुका कमी होतात.

याच कवितेवर गाइडातला अर्थ पाठ केलेले मूल झटकन सांगते की औदुंबर म्हणजे विरक्त योगी. उत्तर चूक म्हणू नये. ‘हे कुठल्या शब्दावरून?’ एवढेच विचारावे. ‘बसला’, ‘पाय टाकुनी’ हे शब्द ते दाखवू शकले तर ठीक. ‘दत्ताचे झाड आहे म्हणून’ असे म्हणाले तर तेही ठीक, पण ते कवितेबाहेरून आणलेले आहे. नोंदींपुढे ‘आतले’ किंवा ‘बाहेरचे’ असे लिहायची सवय लावली की मुलांना हा फरक लवकर कळतो. बाहेरचे निषिद्ध नाही, ते बाहेरचे आहे हे कळले पाहिजे एवढेच. नागपूरच्या मुलाला उंबर ठाऊक असतो, पण हेच झाड औदुंबर, हे अनेकांना सांगावे लागते. कन्हान किंवा पेंचच्या काठच्या मुलाला डोह समजावून द्यावा लागत नाही, शहरातल्याला लागतो. घरी हिंदी बोलणारी मुलेही वर्गात पुष्कळ असतात, आणि २०२० च्या कायद्याने मराठी सर्व मंडळांच्या शाळांत सक्तीची झाल्यापासून ती आणखी वाढली. अशा वर्गात गोल केलेल्या शब्दांचे अर्थ आधी मुलांकडूनच मिळवावेत, कारण एका बाकाला जे माहीत नसते ते दुसऱ्याला असते.

पन्नास-साठ मुलांच्या वर्गात हे जमते का, असे शिक्षक विचारतात. जमते, पण वेळ बांधून घ्यावा लागतो. ३५ मिनिटांची तासिका असेल तर पहिल्या तासाला वाचन आणि उतरवणे. दुसऱ्या तासाला आठ मिनिटे एकट्याने खुणा, पाच मिनिटे वह्यांची अदलाबदल (शेजाऱ्याने निदान एका प्रश्नचिन्हापुढे उत्तर लिहायचे), उरलेला वेळ फळा. फळ्यावर फक्त ओळींचे क्रमांक लिहावेत आणि प्रत्येक क्रमांकापुढे एका बाकाची एक नोंद घ्यावी. खुणा करण्याच्या आठ मिनिटांत शिक्षकांनी गप्प राहणे सर्वांत कठीण जाते. मध्येच एखादा इशारा दिला की सगळ्या वह्यांत तीच नोंद उमटते.

रचनाप्रकार बदलला की पाहण्याच्या जागाही बदलतात. अभंगात मात्रा नव्हे, अक्षरे मोजायची. मोठ्या अभंगात ६-६-६-४ अक्षरे आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत यमक; लहान अभंगात ८-८, जसे ‘जे का रंजले गांजले । त्यासी म्हणे जो आपुले’. ‘तुका म्हणे’ला चौकट करून तिथून पुढे बोलण्याचा सूर कसा बदलतो ते लिहायला लावावे. गझलेत मतल्यातच, म्हणजे पहिल्या शेरातच, काफिया (यमक) आणि रदीफ (त्यामागून जसाच्या तसा येणारा शब्द) यांखाली वेगवेगळ्या रेघा मारून घ्याव्यात. मुलांची नेहमीची चूक म्हणजे सगळ्या शेरांतून एकच गोष्ट शोधणे. प्रत्येक शेर स्वतंत्र असतो हे सांगूनच सुरुवात करावी. ज्या शहरात रेशीमबागेत सुरेश भटांच्या नावाचे सभागृह आहे तिथल्या दहावीच्या मुलाला काफिया ओळखता येऊ नये, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते. मुक्तछंदात यमक शोधत बसू नये, ओळ कुठे तुटते तिथे तिरपी रेघ मारावी आणि ती पुढच्या शब्दानंतर तुटली असती तर काय झाले असते ते विचारावे. मराठीत मुक्तछंद रुजवणारे आणि दशपदी (दहा ओळींची कविता) घडवणारे कवी अनिल आपल्याच विदर्भातल्या मूर्तिजापूरचे, हे या निमित्ताने सांगता येते.

खुणांवरून रसग्रहणाकडे जाणे मग सोपे होते. उजव्या पानावरच्या नोंदी तीन गटांत लावायच्या: काय म्हटले आहे ते आशयसौंदर्यात, चौकटींतल्या प्रतिमा आणि अलंकार काव्यसौंदर्यात, गोल केलेले शब्द, क्रियापदे आणि लय भाषिक वैशिष्ट्यांत. प्रत्येक परिच्छेदात कवितेतला निदान एक शब्द अवतरणचिन्हात आलाच पाहिजे. अलंकाराचे नुसते नाव लिहून थांबू देऊ नये. ‘इथे चेतनगुणोक्ती अलंकार आहे’ हे अर्धेच वाक्य आहे. ‘त्यामुळे झाड पाण्यात पाय सोडून बसलेल्या माणसासारखे निवांत दिसते’ हे पुढचे अर्धे, आणि खरे रसग्रहण तेच. ‘कवीने समर्पक शब्दयोजना केली आहे’, ‘ही कविता मनाला भिडते’ अशी वाक्ये तपासताना सरळ अधोरेखित करावीत. परिच्छेदातले कवितेचे नाव झाकून पाहावे. तो दुसऱ्या कवितेलाही तसाच्या तसा लागू पडत असेल तर परत लिहायला द्यावा.

तपासणाऱ्यांनाही एक विनंती आहे. मुलाने गाइडापेक्षा वेगळा अर्थ लावला आणि त्याला ओळीचा आधार दिला, तर गुण कापू नका. एकदा गुण गेले की ते मूल पुढच्या चाचणीला गाइडच पाठ करते आणि वर्षभराची मेहनत तिथे संपते. मंडळाने अपठित कविता आणेपर्यंत शाळांनी घटक चाचणीत आणि पूर्वपरीक्षेत आठ-दहा ओळींची एक न पाहिलेली कविता द्यावी. तिच्याखाली ‘कोणत्याही तीन ओळींवर समासात नोंदी करा आणि त्यांतल्या एकीवर पाच वाक्ये लिहा’ एवढीच कृती पुरे.

आणि आपल्याकडे एक मागणी. आपल्या दैनिकात विद्यार्थ्यांसाठी मजकूर येतो. त्यात आठवड्यातून एकदा, स्वामित्वहक्काची मुदत संपलेली एखादी छोटी कविता मोठ्या टायपात, ओळींना क्रमांक देऊन आणि उजवीकडे दोन बोटे कोरी जागा सोडून छापावी. अर्थ, प्रश्न, चित्र काही नको. कवीचे नाव पुढच्या आठवड्याच्या अंकात दिले तरी चालेल.

आपले,
मराठी विषयाचे काही शिक्षक,
नागपूर