खोगीर शिवणारी सुई नवारीत मोडते, त्याबद्दल

ठाणे (प.), दि. ११ ऑगस्ट २०२५

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी

विषय: २३ जुलै रोजी मिळालेला जाड कापड व चामडे शिवण्याचा हातसंच (किंमत ८४९ रुपये) सदोष असल्याबाबत.

महोदय/महोदया,

तुमच्या ग्राहक सेवेतल्या मुलाने ४ ऑगस्टला फोनवर मला सांगितलं, "मॅडम, तुम्ही जास्तच जाड कापडावर वापरलंत." त्या एका वाक्यापायी हे पत्र लिहायला बसले आहे. तुमच्या डब्यावर ताडपत्री, तंबू, चामड्याचा पट्टा आणि घोड्याचं खोगीर अशी चार चित्रं छापलेली आहेत. खोगीर शिवणाऱ्या सुईला नवारीची जाड विणलेली पट्टी झेपत नसेल तर डब्यावर रुमालाचं चित्र छापा.

मी नौपाड्यात राहते. तीस वर्षं पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवली, आता दुकान बंद केलं. आमच्या सोसायटीतली काही मुलंमुली ढोलताशा पथकात आहेत, त्यामुळे ढोल कमरेला बांधायच्या पट्ट्यांची डागडुजी दर वर्षी माझ्याकडे येते. पट्टा म्हणजे दुहेरी सुती नवार. लोखंडी कडीभोवती वळवली की तिचे चार पदर होतात, वर झीज होऊ नये म्हणून चामड्याची पट्टी. ढोलाचा सगळा भार त्या वळणावर येतो आणि पोरं वर नाचतात ते वेगळंच. ते वळण माझ्या मशीनच्या पायाखाली शिरतच नाही, म्हणून हाताने शिवायचं. यंदा २२ पट्टे आले. मनगट पूर्वीसारखं राहिलं नाही, म्हणून तुमच्या संचातल्या आरीच्या, म्हणजे मुठीत सुई बसवलेल्या हत्याराच्या, नादी लागले.

आमच्याकडे चपला शिवणाऱ्यांच्या आरीला टोकाशी आकडा असतो, त्यात दोरा अडकवून खालून वर ओढतात. तुमच्या आरीला टोकाजवळ नेढं आहे. सुई आरपार घालायची, अर्धा सेंटिमीटर मागे घ्यायची म्हणजे दोऱ्याचा फास उभा राहतो, त्यातून दुसरं टोक ओवायचं आणि दोन्हीकडून सारखं ओढायचं. गाठ जाडीच्या मधोमध बसली की टाका झाला. युक्ती चांगली आहे, तक्रार तिच्याबद्दल नाही. मात्र तुमच्या माहितीपत्रकात सुई मागे घ्यायची पायरीच गाळली आहे आणि तिच्याशिवाय फास पडतच नाही. मला ती ठाऊक होती म्हणून निभावलं.

पहिल्याच पट्ट्याला दोरा पाचव्या टाक्यात पिंजला. वाटलं, आपलाच हात बसला नाही. नवा दोरा ओवला, तोही पिंजला. मग कान साफ करायच्या काडीचा कापूस नेढ्याच्या कडेवरून फिरवला तर त्याचे तंतू तिथेच अडकून राहिले. नेढ्याची आतली कड घासून गुळगुळीत केलेलीच नाही. बारीक पॉलिश पेपरची सुतळीएवढी पट्टी कापून मी ती स्वतः घासली. ८४९ रुपये मोजून गिऱ्हाइकाने सुई घासायची, हा प्रकार मला नवा आहे.

तिसऱ्या पट्ट्याला सुई मोडली. टक् असा आवाज झाला, टोक नवारीतच राहिलं आणि वरचा तुकडा माझ्या चष्म्याच्या काचेवर येऊन आपटला. चष्मा नसता तर हे पत्र दुसऱ्याच कुणाला लिहावं लागलं असतं. "जास्त जोर लावला असेल," असंही तुमचा मुलगा म्हणाला. प्रत्येक भोक मी आधी टोच्याने पाडून घेतलं होतं. जाड मालात सुईने भोक पाडायचं नसतं, सुईने फक्त दोरा न्यायचा, हे मी शिकाऊ असताना शिकले. वाकडी सुई वापरावी म्हटलं तर ती मुठीच्या पकडीत स्थिर बसेना, कितीही आवळली तरी दोन टाक्यांत फिरते.

आता दोरा. डब्यावर लिहिलं आहे, "मेण लावलेला पॉलिएस्टर". बोटांत चोळला तर मेणाचा चिकटपणा नाही. टोकाला जळती काडी धरली. पॉलिएस्टर वितळतं आणि त्याची कडक गोळी होते. हा दोरा कागदासारखा जळाला आणि चिमटीत राख उरली. म्हणजे सूत. सुती दोऱ्याचं मला वावडं नाही, पण पावसात भिजलेला आणि घामाने ओला झालेला पट्टा घडी करून ठेवला की सूत कुजतं. हे कळलं नसतं तर यंदाच्या मिरवणुकीत कुणाचा तरी ढोल पायावर आला असता.

शेवटी पट्टे जुन्या पद्धतीनेच चालू आहेत. एका दोऱ्याच्या दोन टोकांना दोन दाभणं, मधमाश्यांच्या मेणावरून दोरा दोनदा ओढलेला, प्रत्येक भोकातून दोन्ही दाभणं समोरासमोरून, आणि अडलं की पक्कड. वेळ लागतो, पण एखादा टाका तुटला तरी शेजारचे धरून ठेवतात. माझ्या अंगठ्याचं काय झालंय ते विचारू नका.

फोटोंसह पहिली तक्रार मी २८ जुलैला ईमेलने केली. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे पोच ४८ तासांत यायला हवी होती, ती आजतागायत आलेली नाही. निवारणाचा महिना २८ ऑगस्टला भरतो, म्हणजे गणपती येतात त्याच्या दुसऱ्या दिवशी. शिवाय डब्यावर उत्पादकाचा किंवा आयातदाराचा पत्ता नाही, माल कोणत्या देशात बनला तेही नाही. वेष्टनबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांत पत्ता छापणं बंधनकारक आहे, आणि माल आयात केलेला असेल तर देशाचं नावही.

बदली संच मला नको. ८४९ रुपये आणि पाठवणीचे ६० रुपये परत करा. दोरा पॉलिएस्टर नसताना तसं का छापलं, याचा लेखी खुलासा पाठवा. खोगिराचं चित्र काढा आणि सुई मोडू शकते, डोळ्यांवर चष्मा घाला, ही सूचना ठळक छापा. २८ तारखेपर्यंत काही झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करेन आणि ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही, हे मी विचारून ठेवलं आहे.

मोडलेलं टोक, दोन्ही सुया आणि उरलेला दोरा एका डबीत घालून ठेवला आहे. माल न्यायला माणूस पाठवणार असाल तर दुपारी चारच्या आत पाठवा, संध्याकाळी पोरं पट्टे न्यायला येतात.

आपली ग्राहक,
(सही)
नौपाडा, ठाणे (प.)

सोबत: बिलाची प्रत, डब्याचे चारही बाजूंचे फोटो, मोडलेल्या सुईचा फोटो