केसपेपरबद्दल थोडं

चि. अनघास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "आई, पेशंट दगावला तर केस होईल, याचीच धास्ती वाटते." इतकी वर्षं मी वकील म्हणून कधी डॉक्टरांच्या बाजूने उभी राहिले, कधी विरुद्ध, म्हणून सांगते. पेशंट दगावला म्हणजे हलगर्जीपणा झालाच असं नव्हे. त्या विषयातल्या जबाबदार डॉक्टरांचा एक गट तसाच वागला असता, तर तो निष्काळजीपणा नाही, ही कसोटी इंग्लंडमधल्या 1957 च्या बोलॅम खटल्यातली. 1997 मध्ये बोलिथो खटल्यात तिला पुस्ती जोडली गेली, की त्या डॉक्टरांचं मत तर्कालाही धरून हवं. चार सहकाऱ्यांनी मान डोलावली की सुटलो, असं नाही. माझ्या मते ही पुस्ती फारच उशिरा आली.

संमतीचं मात्र नीट समजून घे. 2015 चा माँटगोमेरी निकाल ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाचा. त्यातली गर्भवती बाई मधुमेही, लहान चणीची. मधुमेही मातांच्या प्रसूतीत बाळाचा खांदा अडकण्याची शक्यता 9-10 टक्के. डॉक्टरांनी ती सांगितलीच नाही, कारण सांगितलं तर बायका सिझेरियनच मागतील असं त्यांना वाटलं. खांदा अडकला, प्राणवायू कमी पडला आणि बाळाला कायमचं अपंगत्व आलं. न्यायालयाने बजावलं की कुठला धोका महत्त्वाचा, हे पेशंटच्या जागी उभं राहून बघायचं. फॉर्मवर सही झाली की संमती झाली, असं मानणारे सीनियर तुला भेटतीलच. त्यांच्याशी वाद घालू नकोस, पण पेशंटशी बोलल्याशिवाय सही घेऊ नकोस.

न्यायालय भरपाईचं बघतं. तू व्यवसायात राहावंस का, हे वैद्यक परिषद बघते. ताकीद, निलंबन, नोंदणी रद्द, सगळं तिच्या हातात. चूक कबूल करणारा सुधारेल अशी आशा तिथे धरली जाते, केसपेपर मागाहून बदलणाऱ्याबद्दल ती फारशी उरत नाही. मी पाहिलेल्या कित्येक प्रकरणांत मूळ चूक किरकोळ होती, घात केला तो खाडाखोडीने. काही उशिरा आठवलं तर लिहितेस त्या वेळची तारीख टाकून खाली लिही. चुकलेली ओळ एकाच रेघेने खोड, वाचता येईल अशी, आणि शेजारी सही कर. नातेवाइकांना काय झालं ते तूच जाऊन सांग, मला फोन त्यानंतर.

आणि विमा? बऱ्याच पॉलिसी दावा दाखल होतो त्या दिवशी चालू असाव्या लागतात, उपचाराच्या दिवशी होती एवढं पुरत नाही. फॉर्म पाठव, सही करण्याआधी वाचते.

तुझी,
आई