कळंबोलीच्या पाटेवाल्या मामांना

मामा, सप्रेम नमस्कार.

नाव कुठे छापू नकोस असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं मामा. हे पत्र तुम्ही वाचणार नाही, हेही ठाऊक आहे. मुलीकडून वाचून घ्या.

आमचा ४०७ टेम्पो वडिलांनी २००९ मध्ये घेतला. तुर्भ्याच्या मार्केटातून कांदा-बटाटा भरायचा आणि ठाण्याला जांभळी नाक्यावर उतरवायचा. यंदा पावसात विटाव्याच्या पुलाखाली मागचं डावं चाक खड्ड्यात आदळलं, तेव्हापासून गाडी तिरकी चालायला लागली. मागून येणारा एक रिक्षावाला ओरडलाच, "शेठ, खेकडा चालवताय का?" मागच्या डाव्या पाट्याचा, म्हणजे चाकावरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगचा, पुढचा हँगर हलत होता; पाटा चेसिसला धरून ठेवणारा ब्रॅकेट तो. जवळच्या गॅरेजने अर्ध्या तासात वेल्डिंग मारून दिलं. बारा दिवसांत वेल्डिंगच्या कडेलाच ब्रॅकेटला चीर गेली.

तुमच्याकडे आलो तेव्हा मी एवढंच म्हणालो, "मामा, जरा जाड टाका मारा." तुम्ही टॉर्च घेऊन खाली शिरलात आणि तिथूनच म्हणालात, "टाका गोधडीला मारतात."

त्यानंतर तुम्ही जे दाखवलंत ते सोळा वर्षं गाडी चालवून मला माहीत नव्हतं. ब्रॅकेट चेसिसला धरणाऱ्या रिबिटांच्या डोक्यांखालून गंजाची लाल रेघ ओघळत होती. रिबिट सैल झाला की आत घासतो, गंज बाहेर पडतो. तुम्ही एका बाजूने हातोडीचा हलका ठोका दिलात आणि दुसऱ्या बाजूला माझं बोट धरायला लावलंत. चारातले तीन रिबिट हलताना बोटाला लागले. मग चेसिसला रॉकेल लावून कोरडं पुसलंत, वर खडू फासलात. चीर असती तर मुरलेलं रॉकेल पाझरून खडूवर ओली रेघ उमटली असती. खडू कोरडाच राहिला. त्या दहा मिनिटांत माझ्या पोटात काय झालं ते मलाच ठाऊक.

रिबिट गॅसने कापले नाहीत. डोकी घासून, मधोमध ड्रिल मारून ठोकून काढलेत. भोकं लांबट झाली होती, ती रीमरने गोल केलीत आणि नव्या ब्रॅकेटला १०.९ ग्रेडचे मजबूत बोल्ट घट्ट बसवलेत. दोन दिवस गेले. दोन दिवसांचं भाडं बुडालं म्हणून मी तोंड वाकडं करून बसलो होतो, त्याची आता लाज वाटते. चहाचे पैसेही तुम्हीच दिलेत.

सगळ्यात जास्त आभार मात्र एका नकाराचे. "आलोच आहे तर दोन पाटे वाढवा, माल जास्त बसेल," असं मी म्हणालो. दुसऱ्या कुणी आनंदाने वाढवून पैसे घेतले असते. तुम्ही म्हणालात, "पाटा वाकला नाही तर दणका जाणार कुठे? हँगरलाच ना? मग महिन्यात परत येशील. मला धंदा होईल, पण तू घाटात असलास तर?" मी घाटात जात नाही, हे तेव्हा बोललो नाही. बरंच केलं.

शेवटी ओळंबा सोडून पुढच्या पिनेपासून ॲक्सलपर्यंत दोन्ही बाजू मोजल्यात. टेपचं दुसरं टोक माझ्याच हातात दिलंत. आलो तेव्हा पाच सूतांचा, म्हणजे अर्ध्या इंचाहून जास्त फरक होता, आता एकही नाही. पाटा ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट गाडी चाकांवर उतरवूनच शेवटचे आवळलेत आणि दोनशे किलोमीटर झाले की परत ये म्हणालात. आलो, तर पुन्हा पाव फेरा आवळले गेले. त्याचे पैसे घेतले नाहीत.

गाडी सरळ चालतेय. वडील परवा शेजारी बसून आले, काही बोलले नाहीत. म्हणजे बरं आहे.

गुरुवारी पनवेलला माल टाकायचा आहे, येताना थांबतो. पाट्याचं टोक झुलतं ठेवणाऱ्या शॅकलला ग्रीस मारायचं आहे. दहा किलो कांदा घेऊन येतोय, मागच्या वेळेसारखी पिशवी केबिनमध्ये परत ठेवू नका.

तुमचा,
४०७ वाला