आजी, थंडी कशी काढायची ते तुम्ही दाखवलंत

आदरणीय आजी,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमचा नातू तुम्हाला वाचून दाखवेल. समोर येऊन आभार मानले असते तर "त्यात काय एवढं" म्हणत तुम्ही चहा ठेवायला उठला असता. शिवाय आपल्या जव्हार-डहाणूकडच्या बाकीच्या शिक्षकांनीही हे वाचावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

डिसेंबरात चित्रकलेला 'हिवाळा' हा विषय घेतला, तेव्हा मी मुलांकडून कापसाचा बर्फ आणि कागदाचे हिमकण करून घेतले. कृतिपुस्तकात तेच होतं. मुलांनी केलंही नीट, पण घरी न्यायला एकानेही मागितलं नाही. "तुमच्याकडे थंडीत काय असतं?" असं विचारल्यावर मात्र एकच गलका झाला. भाताचं खळं, शेकोटी, रात्री फुंकून वाजवायचा तारपा! यातलं काहीच आमच्या कागदावर नव्हतं. तेव्हा तुमचा नातू म्हणाला, "माझी आजी चौक लिहिते." चौक म्हणजे लग्नात घराच्या भिंतीवर काढायचं वारली चित्र.

तुम्ही तांदूळ घरूनच वाटून आणलेत, त्यात डिंक घातलात. बांबूची काडी दातांनी चावून तिचा कुंचला केलात आणि वर्गभर काड्या चावायचा आवाज सुरू झाला. खाकी कागदाला शेण-गेरूचा हात दिला होता. पहिली रेघ ओढली तर दिसेचना. मुलं हिरमुसली. तुम्ही एवढंच म्हणालात, "सुकू द्या." कागद उन्हात ठेवले आणि बघता बघता माणसं पांढरी होऊन वर आली. तेव्हाचे मुलांचे चेहरे मी विसरणार नाही.

एक मुलगा म्हणाला, हे तर बायांचं काम. खरंच, लग्नाचा चौक सवाशिणीच लिहीत आल्या. तुम्ही रागावला नाहीत. गंजाडच्या वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांचं सांगितलंत: पुरुष असून ते रोज चित्रं काढायचे, आणि 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या दिवशी सगळ्यात शेवटी काडी खाली ठेवली ती त्याच मुलाने.

मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते मात्र वेगळंच. एका मुलीने विचारलं, थंडी कशी काढू? तुम्ही शेकोटीभोवती दोन-दोन त्रिकोणांची माणसं इतकी जवळ बसवलीत की त्यांच्यात बोटही जाणार नाही. धुक्यासाठी झाडांचे बुंधे काढलेच नाहीत, नुसते शेंडे ठेवलेत, खाली गेरू तसाच मोकळा. मी इतकी वर्षं शिकवतेय, पण हे मला सुचलं नसतं.

तारप्याचा फेर काढताना कुणी तारपकऱ्याला पाठ दाखवत नाही, हेही मुलांना तुमच्याकडून पक्कं कळलं. आता एकमेकांची चित्रं तपासताना ती आधी तेवढंच बघतात.

चित्रं ओसरीत लावली आहेत. या वेळी पालक ती मागायला आले.

तुमची पितळी वाटी माझ्याकडेच राहिली आहे, रविवारी घेऊन येते. खळ्यावर मळणीला फिरणारे बैल मुलांना अजून जमत नाहीत. तेवढे एकदा दाखवाल का?

तुमची,
चौथीच्या बाई