मिरजेच्या काकांना, कात्रणांच्या वहीबद्दल

प्रिय काका,
सादर नमस्कार.

न्यू जर्सीच्या संगीतशाळेनं माझ्यासाठी भरलेला ओ-१ व्हिसाचा, म्हणजे असामान्य गुणवत्तेच्या लोकांसाठी असलेल्या अमेरिकी व्हिसाचा, अर्ज मंजूर झाला. आता मुंबईच्या वकिलातीतली मुलाखत तेवढी राहिली. फोनवर आभार मानायला लागलो तर तुम्ही "अरे, त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदललात. म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

कलावंतासाठी सहा निकष, त्यातले निदान तीन कागदोपत्री सिद्ध करायचे. गायकाचं नाव मथळ्यात असतं. संवादिनीवाल्याचं असतं परीक्षणाच्या शेवटच्या ओळीत, 'समर्पक साथ केली' एवढ्यापुरतं. माझ्याकडची सगळी कात्रणं तशीच. त्यातून आईनं ती इतकी कडेनं कापलेली, की कित्येकांवर ना तारीख ना वर्तमानपत्राचं नाव. वकीलबाईंनी सांगितलं, तारखेशिवाय यांचा उपयोग नाही.

सांगलीच्या मैफलीचं कात्रण तुम्ही उलटं करून खिडकीशी धरलंत, ते मला अजून दिसतं. मागे साड्यांच्या सेलची अर्धी जाहिरात होती, 'पाडव्यानिमित्त' एवढंच वाचता येत होतं. दिवाळीचा पाडवा की गुढीपाडवा? खाली श्रीखंडाच्या ऑर्डरचा नंबर होता. तुम्ही म्हणालात, "मार्च-एप्रिल बघू." वाचनालयातल्या बांधीव फायली तीन दुपारी चाळल्यात आणि मार्च २०१४ मध्ये ते पान सापडलं. दम्याचा त्रास असून त्या धुळीत बसलात.

पुढे भाषांतर. 'समर्पक'ला तुम्ही 'अ‍ॅप्ट' लिहिलंत. मला 'ब्रिलियंट' हवं होतं आणि मी हट्ट धरला. तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "भाषांतर संपूर्ण आणि अचूक आहे असं लिहून खाली सही मी करणार आहे. छापलंय तेच जाईल." चाळीस वर्षं मुद्रितं तपासलेल्या माणसाशी मी काय वाद घालणार! पण त्या रात्री मी घाबरलो होतो, हे आज सांगतो.

वाट तुम्हीच दाखवलीत. गायकांकडून आलेली शिफारसपत्रं वाचून तुम्ही परत पाठवायला लावलीत. 'अत्यंत गुणी वादक' यातून परक्या माणसाला काय कळणार? एकच मैफल घ्या, तिथं याच्या वाजवण्यानं काय घडलं ते लिहा, असं सांगायला लावलंत. मग एका बाईंनी मिरजेच्या दर्ग्यातल्या, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीत होणाऱ्या संगीत सभेबद्दल लिहिलं. त्यांचा आवाज बसला होता. तार षड्जावर श्वास तुटायचा, तिथं संवादिनीनं स्वर धरून ठेवला आणि त्या पुढची जागा घेऊ शकल्या. साथीदाराशिवाय ती मैफल उभी राहिली नसती, असं त्यांनी स्वच्छ लिहिलं. मला तो प्रसंग आठवतही नव्हता.

तरी अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडून अधिक पुरावे मागणारं पत्र आलंच, ८४ दिवसांच्या मुदतीचं. उत्तरात आम्ही त्या बाईंचं शिफारसपत्रच पुढे ठेवलं. त्याच्या जोडीला तुमची भाषांतरं, शब्दही न बदलता.

तुम्ही एक पैसा घेतला नाहीत. निदान वही तरी कुरियरनं पाठवणार नाही, रविवारी स्वतः घेऊन येतो. पेटी बरोबर आणतोय. काकूंना सांगा, जेवूनच जाईन.

तुमचा,
पेटीवाला पुतण्या