वेळ आम्ही काढू, पण दफ्तर उघडे कधी असते?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतील छंदासाठी वेळ काढण्याविषयीचा लेख वाचला आणि तेव्हापासून आलेली चीड अजून ओसरलेली नाही. नोकरदार माणसाला वारशाची हौस असते पण चिकाटी नसते, मोबाइल बाजूला ठेवला तर आठवड्याला चार तास सहज मिळतात, असा लेखकमहाशयांचा एकूण सूर आहे. ते चार तास माझ्याकडे आहेत. मात्र ते शनिवारी किंवा रविवारी आहेत, आणि नेमक्या त्याच दिवशी जुने कागद जपणाऱ्या सरकारी दफ्तरखान्याच्या ज्या दारात मला उभे राहायचे असते त्याला कुलूप असते, ही गोष्ट लेखात कोठेही आलेली नाही.

नोकरी सांभाळून, संध्याकाळच्या वर्गाला जाऊन मी मोडी, म्हणजे जुने मराठी कागद ज्या लिपीत लिहिले जात ती लिपी, शिकले. वर्गातली वळणदार अक्षरे लवकर लागतात, परंतु खरी परीक्षा घाईत लिहिणाऱ्या कारकुनाच्या हस्ताक्षरापुढे होते. आधी ओळभर रेघ ओढायची, तिला अक्षरे लटकवीत जायचे आणि शब्द कोठे संपला हे वाचणाऱ्याने आपले आपण ओळखायचे, असा तो कारभार असल्यामुळे नजर बसण्यासाठी अस्सल कागद पुन्हा पुन्हा डोळ्यांखालून जावे लागतात. असे कागद दफ्तरखान्यातच असणार, म्हणून हक्काची रजा टाकून मी एका दफ्तरखान्यात गेले. अर्ज, ओळखपत्र, सही, मग ज्यांची सही हवी ते जागेवर नाहीत, मग रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, काढून आणणारे गृहस्थ जेवायला गेलेले, असे करीत साडेचारच्या सुमारास रुमाल माझ्या टेबलावर आला. गाठ सोडून पहिला कागद उलगडला. खाली ‘समान सबैन मया व अलफ’ असा अरबी अंकशब्दांत लिहिलेला शुहूर सन होता. म्हणजे आठ, सत्तर, शंभर आणि हजार मिळून ११७८, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, म्हणजे इसवी सन १७७७-७८, एवढा हिशेब वहीच्या कडेला मांडीपर्यंत डोक्यावरचा पंखा बंद झाला. “मॅडम, उरलेले उद्या या ना,” असे अगदी अदबीने सांगण्यात आले. उद्या! सांगणाऱ्या गृहस्थांवर माझा राग नाही, त्यांची वेळ झाली होती. पण उद्या मला रजा नव्हती, आणि तो वतनाच्या तंट्याचा कागद पुढे काय म्हणतो हे मला आजतागायत कळलेले नाही.

राज्य शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. त्याआधी दुसरा आणि चौथा शनिवार सोडून बाकीच्या शनिवारी तरी तेथे जाण्याची सोय होती, ती संपली. बदल्यात कार्यालयाची वेळ पावणेदहा ते सव्वासहा अशी वाढवण्यात आली हे खरे. परंतु मीही त्याच वेळात माझ्या कार्यालयात बसलेली असते, तेव्हा त्या वाढीव पाऊण तासाचे मी काय करावे, हे लेखकमहाशयांनी पुढच्या लेखात सांगितल्यास आभारी राहीन. कर्मचाऱ्यांनी रविवारी राबावे असे मी मुळीच म्हणत नाही. अनेक वस्तुसंग्रहालये सोमवारी बंद राहून रविवारी उघडी असतात आणि तेथील कर्मचाऱ्यांनाही आठवड्याची सुटी मिळतेच. जे तलवारी आणि मूर्ती पाहणाऱ्यांसाठी जमते, ते कागद वाचणाऱ्यांसाठी का जमू नये?

नोकरी-धंदा करून इतिहासाची सेवा करणारी माणसे आपल्याकडे झाली, हा लेखातला मुद्दा मला मान्यच आहे. वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवता शिकवता तेथल्या पटवर्धन सरदारांच्या दफ्तरात, म्हणजे जुन्या कागदपत्रांत, बुडून गेले. दिनकर केळकरांनी चष्म्याचे दुकान सांभाळून दिवे, अडकित्ते आणि दौती जमवल्या. त्यांच्यापुढे हात जोडावेत अशीच ती माणसे. पण खरेशास्त्र्यांचे दफ्तर त्यांच्या गावातल्या घराण्याचे होते आणि केळकरांना जुना दिवा दाखवणाऱ्या घरमालकाने कार्यालयीन वेळेत येण्याची अट घातली नसावी. तेव्हा त्यांची उदाहरणे देऊन आमच्या आळसावर बोट ठेवण्यापूर्वी, आज तेच कागद कोणत्या कुलपामागे आहेत याची चौकशी करायला हवी होती. संविधानाच्या ५१क या अनुच्छेदाने वारसा जतन करणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले आहे, आणि हे कर्तव्य सोमवार ते शुक्रवार बजावावे असे तेथे मला तरी आढळले नाही.

सर्व कागद लवकरच संगणकावर येणार आहेत, असे अशा वेळी हमखास सांगितले जाते. येतील तेव्हा अवश्य यावेत. तोवर महिन्यातला एक रविवार, आधी नावे नोंदवून घेऊन का होईना, वाचनकक्ष उघडा ठेवण्याची मागणी आपल्या वृत्तपत्राने लावून धरावी. येणारे थोडे असतील, पण जे येतील ते सन कसा वाचायचा हे शिकूनच येतील.

आपली,
एक नोकरदार वाचक

ता. क. – त्याच लेखासोबत मोडी कागदाचे जे छायाचित्र आपण चार रकाने अडवून छापले आहे, ते उलटे आहे. शिरोरेघ अक्षरांच्या पायाखाली गेलेली कोणालाही दिसेल, त्यासाठी मोडी यावी लागत नाही. आमच्या मोडी वर्गाची सूचना मी आपल्या कार्यालयात वेळेवर पोहोचवली होती. ती वर्ग सुरू झाल्यानंतरच्या आठवड्यात छापून आली, अन्यथा आपल्या पुरवणी विभागातील एखाद्याला तरी त्याचा लाभ घेता आला असता. पुढचा वर्ग सुरू होताना सूचना पुन्हा पाठवीन.