ऊस ट्रॅक्टरवाल्या दादांना, उद्यमनगरातल्या त्या दुपारबद्दल

दादा,

‘नाव घालू नगा’ म्हणालात, म्हणून घालत नाही. तुम्ही ओळखालच. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातली ती किंचित उताराची गल्ली, ट्रॉलीच्या हुकाला वेल्डिंग मारून घ्यायला थांबलेला तुमचा ट्रॅक्टर, आणि वाट अडवून उभी असलेली आमची घरगाडी, म्हणजे आत राहायची सोय असलेली मोटरहोम, मागे बंद पडलेली कार बांधलेली.

त्या दिवशी घाईत नुसतं ‘लई उपकार झाले’ एवढंच बोलले. ते पुरेसं नव्हतं.

आम्ही पाटगावहून परत येत होतो. यांचं हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून गाडी मीच चालवते. भाच्याच्या कारचा टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातला पट्टा, इस्पुर्लीजवळ तुटला. आमच्याकडे इंग्रजी ए अक्षरासारखा लोखंडी टो-बार, म्हणजे मागची गाडी ओढायचा दांडा असतो, उद्यमनगरातच करून घेतलेला. बंद गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत ओढून न्यायला हरकत नसते, म्हणून कार जोडली आणि कळंब्यावरून सावकाश शहरात आलो. पुढे जाताना कार इतकी शहाण्यासारखी मागे येत होती, की ती आहे हेच मी विसरले.

गल्लीच्या मध्यावर गटारासाठी चर खणलेला. पुढे वाट नाही. घरगाडी साडेसहा मीटर, दीड मीटर बार, मग चार मीटरची कार, म्हणजे १२ मीटरचं धूड. रिव्हर्स कॅमेऱ्यात फक्त कारचं बॉनेट दिसत होतं. दोन्ही बाजूंनी माणसं जमली आणि प्रत्येक जण हात हलवून ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणायला लागला. मी रिव्हर्स टाकला. हातभर मागे गेले असेन, तोच मागून लोखंड करकरलं.

तेवढ्यात तुम्ही घरगाडीच्या बॉनेटवर थाप मारलीत. ‘ओ वैनी, थांबा! जोडल्या गाडीनं मागं घ्याचं नसतंय.’

खाली उतरून पाहिलं, तर कारची पुढची चाकं पार एका अंगाला वळलेली, कार तिरपी, आणि बारचा डावा हात वाकायच्या बेताला आलेला. स्टिअरिंगला तर कुणी हातही लावला नव्हता. मी घाबरून विचारलं, ‘हे वळलं कसं?’ दुसरा कुणी असता तर ‘ते जाऊ दे, आधी गाडी काढा’ म्हणाला असता. मागे हॉर्न वाजत होते. तुम्ही मात्र शेजारच्या वर्कशॉपमधली फिरत्या चाकांची ढकलगाडी ओढून आणलीत. ती पुढे ढकललीत, चाकं मुकाट सरळ. मागे ओढलीत, तर चारही चाकं गर्रकन उलटी फिरली. ‘मोटारीच्या फुडच्या चाकांचं बी असंच हाय बगा.’

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चाक ज्या तिरक्या आसावर वळतं, तो आस जमिनीला थोडा पुढे येऊन टेकतो आणि चाक त्याच्या मागून फरफटत येतं, म्हणून पुढे जाताना ते आपोआप सरळ राहतं. मागे घेतलं की तेच चाक उलटं फिरायला बघतं. शिवाय वळणारे सांधे दोन, एक आमच्या हुकाशी आणि दुसरा कारच्या स्वतःच्या चाकांत. चाकांची एकच जोडी असलेल्या ट्रेलरला उलटं स्टिअरिंग मारून आवरता येतं, पण या दुसऱ्या सांध्यावर पुढच्या ड्रायव्हरचा काहीच ताबा नसतो. तुम्ही म्हणालात, रानातसुद्धा दोन ट्रॉल्या एकदम मागं घेत नाही, एक सोडतो, मग दुसरी लावतो. अमेरिकेत लोक मोटरहोममागे कार चारही चाकांवर ओढत लांब लांब फिरतात. तिथंही टो-बार बनवणारेच बजावतात, की जोडलेली असताना मागे घेऊ नका, सोडवा. हे मी नंतर वाचलं. तुम्ही ते उसाच्या रानात शिकला होता.

मग सोडवण्याचं काम. मी सरळ बार अडकवलेल्या पिनेला हात घालणार होते, तुम्ही हात धरलात. ‘आदी दगड.’ कारच्या चाकांना उताराच्या बाजूनं दगड लावले, हँडब्रेक ओढला. पिन हलेना, कारचा सगळा भार बारवर रेलला होता. भाच्याला आत बसवून ब्रेक दाबायला सांगितलंत, आणि इंजिन बंद असताना ब्रेक दगडासारखा लागतो, पायाचा जोर कमी करू नको, हेही त्याला बजावलंत. मला म्हणालात, ‘चार बोटं फुडं घ्या, जास्त न्हाई.’ चार बोटं पुढे घेतली आणि पिन अलगद हातात आली. बार सुटलाच तर कार धरून ठेवणारी साखळी तुम्ही सर्वांत शेवटी काढलीत. तिघाचौघांनी कार ढकलून वर्कशॉपच्या अंगणात लावली.

आता फक्त घरगाडी मागे घ्यायची होती. तेव्हा एकानं दाराला हात घातला, ‘उतरा, मी काढून देतो.’ तुम्ही त्याला म्हणालात, ‘गाडी त्यांची हाय मर्दा, त्यास्नीच घेऊ दे.’

दादा, खरे आभार या वाक्याचे मानायचे आहेत. ऑपरेशननंतर हे मागच्या सीटवर बसून रस्ताभर माझ्या हाताकडे बघत असतात. स्वतः चालवता येत नाही, याचं दुःख आणि माझी काळजी, दोन्ही त्या नजरेत असतं. त्या गल्लीत मी उतरले असते, तर पुन्हा स्टिअरिंगवर बसायला मला महिने लागले असते.

तुम्ही बाकी सगळ्यांचे हात खाली करायला लावलेत आणि उजव्या आरशात दिसाल असे उभे राहिलात. ‘मी आरशात दिसलो न्हाई, की थांबायचं. बाकी कुणाचं ऐकायचं न्हाई.’ दोनदा दिसला नाहीत, दोनदा थांबले. तिसऱ्या खेपेला गाडी गल्लीबाहेर होती. आत हे एकटेच टाळ्या वाजवत होते.

पैसे घेतले नाहीत, चहा घेतलात. निघताना दारातून आत डोकावून ‘गॅस बी हाय व्हय?’ असं विचारलंत आणि म्हणालात, आईला दाखवायला पाहिजे, तिला खरं वाटणार न्हाई.

बेल्ट बसला, कार चालू झाली. बारचा डावा हात बदलून घेतला, जुना गॅरेजमध्ये भिंतीला टांगलाय. गळीत हंगाम संपला की आईंना घेऊन या. रंकाळ्यावर गाडी लावू, त्याच गॅसवर चहा मी करीन, आणि आईंना पुढच्या सीटवर बसवून एक चक्कर मारून आणीन.

तुमची,
घरगाडीवाली वैनी
कोल्हापूर